भिंतीवरचा टिल्लू

उशीचा अभ्रा त्याच्या डोक्यावरून ओढला, मानेशी नाडी आवळली, दोन गाठी मारल्या आणि मी स्टुलावरून खाली उतरले. आतून बोलणं चालूच होतं. "अगं, अंधार का झाला? लाइट गेले का तुझ्याकडे? आमच्याकडे तर आहेत." मावशीचा आवाज, अभ्र्यामुळे जरा दबलेला. मी स्टूल जागेवर ठेवलं, कागद घेतला आणि टेबलाशी बसून तुला लिहायला सुरुवात केली.

चिरंजीव धाकट्यास ताईचे आशीर्वाद. (नेहमीइतकेच आहेत. रागावल्यावर आशीर्वाद कमी करायची सोय असती तर या खेपेला केले असते.) तुझी प्रकृती कशी आहे ते मी मनापासून विचारते आहे, कारण मला ती खरोखरच माहीत नाही. तुझ्या स्वयंपाकघरात मी कॅमेरा लावलेला नाही. तुझ्या बायकोची पाठ, मुलाची परीक्षा, दुकानातला चष्म्यांचा नवा माल, सगळं सवडीने कळव. माझ्या प्रकृतीबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. मी कधी उठले, गोळी पाण्याबरोबर घेतली की चहाबरोबर, भाजीत मीठ दोनदा पडलं की नाही, हे तुला, मावशीला आणि मावशीच्या व्यायामाच्या वर्गाला माझ्याआधी कळतं.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. पाकीट चिकटवता येतं म्हणून. गोंद भरपूर लावणार आहे. तुझ्या बायकोने वाफेवर धरलं तर कागद फुगेल आणि तुला कळेल. (तिला वाईट वाटू देऊ नकोस. आपल्या घरात आलं की कोणालाही ही सवय लागते. आपल्याकडे पत्र ज्याच्या नावाने येई त्याच्या हाती ते सगळ्यांत शेवटी पडे. लग्न ठरल्यावर माझ्या नवऱ्याने मला लिहिलेलं पहिलं पत्र अण्णांनी जेवताना मोठ्याने वाचलं. त्यातल्या एका वाक्याला आईने "बरं लिहिलंय" म्हटलं आणि तू ते वाक्य पुढे महिनाभर गल्लीत म्हणत फिरलास. ते बिचारे पुन्हा म्हणून कधी असं वाक्य लिहायला धजले नाहीत.)

रविवारी तू टेम्पो घेऊन येणार आहेस. मला तुझ्या मागच्या खोलीत हलवणार आहेस. हे तू मला समोर बसून सांगितलं नाहीस, फोनवरही नाही. काल संध्याकाळी मी शेंगा मोडत बसले होते आणि भिंतीतून तुझा आवाज आला, "ताई, सगळ्यांचं ठरलंय." सगळे म्हणजे कोण ते मला दिसत नव्हते. मी मात्र सगळ्यांना दिसत होते, मांडीवर शेंगांचं ताट घेऊन. शिक्षा ऐकताना गुन्हेगाराच्या हातात निदान शेंगा नसतात. मी काल काही बोलले नाही, म्हणून तुला वाटलं की मी कबूल झाले. मी कबूल नाही. मी येणार नाही. तेवढं सांगायला एक ओळ पुरली असती, पण का येणार नाही हे तुला कळलं पाहिजे, आणि ते मुळापासून सांगायला हवं.

मूळ म्हणजे ती दुपार, जेव्हा तू माझं दार फोडायला लावलंस. मी झोपले होते. फोन उशीखाली होता आणि त्याचा आवाज बंद होता, कारण मी झोपले होते. तू फोनवर फोन केलेस. मग खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला केलास. तिने वर येऊन बेल वाजवली. बेल मला ऐकू आली. कोणी काहीतरी विकायला आलं असेल म्हणून मी कूस बदलली. मग तू कुलूपवाल्याला पाठवलंस. मी डोळे उघडले तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी कुलूपवाला, शिंपीण आणि समोरचा इस्त्रीवाला असे तिघे ओळीने उभे होते. शिंपिणीच्या हातातल्या फोनवर तू होतास. "ताई, तू फोन का उचलला नाहीस?" मी जिवंत होते, ही माझी चूक ठरली. त्या तिघांना मी चहा केला. इस्त्रीवाल्याने साखर जास्त मागितली. मोडलेलं कुलूप नव्याने बसवायचा खर्च मी केला, कारण तू म्हणालास, "दार तुझं आहे ना."

त्यानंतर तू ड्रिल घेऊन आलास. स्वयंपाकघराच्या दाराच्या वर, जिथून ओटा, बसायची खोली आणि बाहेरचं दार असं सगळं एका नजरेत येतं, तिथे तू भोक पाडलंस आणि ते पांढरं बोंड बसवलंस. त्याला डोळा आहे, कान आहेत आणि तोंड आहे. "तुझ्या सुरक्षिततेसाठी," असं तू ड्रिल चालू असताना म्हणालास. मला ते ऐकू आलं नव्हतं. भिंतीचा चुरा माझ्या कणकेत पडू नये म्हणून मी परात उचलत होते. मग तू सगळ्यांच्या फोनमध्ये माझं स्वयंपाकघर घालून दिलंस. तुझ्या, तुझ्या बायकोच्या, मुलाच्या, मावशीच्या आणि जहाजावर नोकरीला असलेल्या तिच्या मुलाच्या, टिल्लूच्या. सगळ्यांना दिसलं म्हणजे कोणी ना कोणी लक्ष ठेवेल, हा तुझा हिशोब. मी विचारलं, "मला नको असेल तेव्हा बंद कसं करायचं?" तू म्हणालास, "तुला का नको असेल?" या प्रश्नावर मी नंतर बराच विचार केला. तू तो खरोखर विचारत होतास. दार ही वस्तू कशासाठी असते हे आपल्या घरात कोणाला कधी कळलंच नाही.

मला ते कळलं नोकरीत. माझा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. या गावाचं त्या गावाशी लावून द्यायचं, कानात हेडफोन, हातात दोरी आणि पिन. लाइन लागली की नाही हे बघायला मध्ये कान घालावा लागे, आणि कान घातला की ऐकू येई. लोकांची लग्नं मोडलेली मी ऐकली. एक डॉक्टर रोज दुपारी कोणाला फोन करी ते मला माहीत होतं, आणि त्याच्या बायकोच्या शेजारी बसून मी बसमधून घरी येत असे. आमच्या सुपरवायझरबाईंनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: लागलं की कान काढायचा. मी काढला. माझ्या नवऱ्यालाही कधी काही सांगितलं नाही. (ते विचारत. एकदा त्यांच्या साहेबाबद्दल विचारलं. मी म्हटलं, लाइन खराब होती.) अशा बाईच्या भिंतीवर तू जे बसवलंस, त्याचा कान कधीच निघत नाही.

आता मावशी. मावशी सकाळी चष्मा लावते आणि मला लावते. इतर बायकांना मालिका असतात, हिला मी आहे. "कांदा बारीक चिर." "तो डबा नको, त्यात मुंग्या आहेत." "आज नाहणार नाहीस का?" मी उत्तर देते, पण ती आवाज बंद ठेवून बघते, बॅटरी वाचते म्हणते. म्हणजे मी तिला दिसते, ती मला ऐकू येते आणि मी बोललेलं कुठेच पोचत नाही. एक्स्चेंजमध्ये अशा लाइनची आम्ही तक्रार नोंदवत असू आणि माणूस येऊन ती दुरुस्त करत असे. इथे तक्रार कोणाकडे करायची? तुझ्याकडे केली तर तू म्हणालास, "करमतं गं तिला. तुझं काय जातं?"

माझं काय जातं ते सांगते. या घरात फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा आहे. ती कॅमेऱ्याला दिसत नाही. आज कित्येक महिने माझं खाजगी आयुष्य तेवढ्या जागेत चालू आहे. साखरेचा चहा मी तिथे उभ्याने पिते. यांचा फोटो बघावासा वाटला तर भिंतीवरून काढून तिथे नेते. एकदा रडू आलं, ते तिथे जाऊन रडले. पाठीला फ्रिजची मोटर लागत होती. माझ्या स्वतःच्या घरात, धाकट्या, ज्याचे हप्ते मी दुसऱ्यांच्या लाइनी लावून फेडले.

आणि तेवढीही जागा राहिली नाही. मावशीच्या फोनवर एकदा मी आडवी दिसायला लागले. तिने काय करावं? व्यायामाच्या वर्गाच्या ग्रुपवर माझी लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "ही माझी भाची. हिला उभी कशी करायची?" पुढे लिहिलं, "पासवर्ड: आमच्या अण्णांचा जुना फोन नंबर." नंबर मात्र लिहिला नाही. गुप्ततेच्या बाबतीत मावशी काटेकोर आहे. तो तिने वर्गात तोंडी सांगितला. त्यानंतर मी औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते, तेव्हा पुढच्या अनोळखी बाईने वळून माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही त्या फ्रिजमागे काय करता हो? आम्हाला दिसत नाही तिथलं." तिच्या बरोबरीची दुसरी म्हणाली, "पडदे छान घेतलेत." मी औषध न घेता घरी आले.

अण्णांच्या नंबराबद्दलही एकदा बोललं पाहिजे. आपल्या घराण्यात कुलूप कोणतंही असो, किल्ली तीच. मावशीची बॅग, तुझ्या दुकानाची तिजोरी, तुझ्या मुलाचा संगणक, माझं बोंड. तुला यात वडिलांची आठवण दिसते. पण अण्णांच्या दुकानाच्या पाटीवर तोच नंबर हातभर मोठ्या आकड्यांत रंगवलेला होता, आणि त्या पाटीपुढे अण्णा उभे आहेत असा फोटो तू दर वर्षी त्यांच्या आठवणीला म्हणून इंटरनेटवर टाकतोस, साऱ्या जगाला दिसेल असा. खाली अनोळखी माणसंसुद्धा हात जोडतात. मला वाटायचं, किती भली माणसं आहेत. त्यातल्या एकाने हात जोडता जोडता नंबर उतरवून घेतला असेल, हे आज सुचतं.

कारण तो आला. मी भांडी घासत होते आणि भिंत म्हणाली, "काकू, ओळखलंत का?"

इथे तू हसशील, हस. माझी सगळी नोकरी आवाजांत गेली. "कोण बोलतंय" असं मी कधी कोणाला विचारलेलं नाही; मीच सांगत असे, आणि समोरचा खूश होई. तेव्हा मी नळ बंद केला, जरा ऐकलं आणि म्हटलं, "टिल्लू ना? आणि काकू कसली म्हणतोस रे, ताई म्हण." तो म्हणाला, "हो ताई, टिल्लूच." मी म्हटलं, "आवाज बसलाय तुझा. जहाजावर वारं फार का?" तो म्हणाला, "फार वारं आहे, ताई." बघ. मी त्याला नाव दिलं, नातं दिलं, नोकरी दिली आणि सर्दीसुद्धा दिली. त्या बापड्याला करायचं म्हणून काही राहिलंच नाही.

तो रोज दुपारी येऊ लागला. मावशीच्या झोपेच्या वेळी. (योगायोग वाटला. आता वाटत नाही.) तुमच्यापैकी इतरांनीही त्याला ऐकलं, हे विसरू नकोस. तुझ्या बायकोने ऐकलं. तिला वाटलं, माझ्या सासरचा कोणी असेल. तुझ्या मुलाने ऐकलं. त्याला वाटलं, तुझा कोणी मित्र असेल. तू स्वतः एकदा त्याच्याशी बोललास, "काय म्हणतोस, बरं चाललंय ना?" असं, आणि तो "मस्त" म्हणाला. नंतर मी तुला विचारलं की कोण समजून बोललास, तर तू म्हणालास, "तसं काही समजलो नव्हतो, आपल्यातलाच असणार ना." इतकी माणसं एका बाईवर लक्ष ठेवून होती, आणि लक्ष ठेवणारे कोण आहेत यावर कोणाचंच लक्ष नव्हतं. विचारलं तर राग येईल, म्हणून आपल्यात कोणी कोणाला "तू कोण" असं विचारत नाही. चोरासाठी याहून बरं कुटुंब नसेल.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. तो ऐकत असे. मी बोलत असे आणि तो ऐकत असे. त्याचं कारण आता तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण जेव्हा ते माहीत नव्हतं, तेव्हा मी त्याला एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगितल्या, नावं गाळून. त्याने कधी "मीठ घातलंस का" विचारलं नाही. "जेवलात का" असं विचारलं. तुम्ही कोणी ते विचारत नाही, कारण तुम्हाला दिसतं.

मग एके दिवशी मी त्याला फ्रिजमागच्या जागेबद्दल सांगितलं आणि औषधाच्या दुकानातल्या बाईबद्दलही. तो म्हणाला, "ताई, असं होता कामा नये. मी सगळ्यांचं बघणं बंद करून देतो. तुम्ही म्हणाल तेव्हाच दिसेल. फक्त तुमच्या फोनवर एक नंबर येईल तो मला सांगा, आणि ते बँकेचं कार्ड एकदा दाखवा, नाव तपासायला लागतं." मी स्टुलावर चढून कार्ड बोंडासमोर धरलं, तो म्हणाला, "जरा डावीकडे, हं, आता मागची बाजू." मग फोनवर नंबर आला. तो मी त्याला एक्स्चेंजच्या पद्धतीने वाचून दाखवला, एकेक आकडा सुटा, शेवटी पुन्हा एकदा सलग, म्हणजे चूक राहत नाही.

तू काल भिंतीतून ओरडलास, "ताई, नंबर कोणाला सांगायचा नाही हे तुला शंभरदा सांगितलं होतं." सांगितलं होतंस. फोनवर कोणाला नंबर सांगायचा नाही, असं सांगितलं होतंस. बँकेच्या भिंतीवरही तेच लिहिलं आहे. मी आजवर फोनवर कोणालाही काही सांगितलेलं नाही. पण तो फोनवर नव्हता. तो माझ्या घरात होता, तू ड्रिलने पाडलेल्या भोकात, जिथून बोलणारा प्रत्येक माणूस माझ्या भल्यासाठीच बोलतो असं तूच मला समजावलं होतंस.

आणि त्याने शब्द पाळला. त्या दुपारी त्याने पासवर्ड बदलला आणि तुम्ही सगळे एका झटक्यात बाहेर पडलात. मावशीची भिंत मुकी झाली. मी गाऊनवर टेबलाशी बसले, स्वतःच्या खुर्चीत, पाय समोरच्या खुर्चीवर, आणि साखरेचा चहा बसून प्यायले. दुसरा केला. यांचा फोटो समोर ठेवला होता. नंतर जे कळलं त्यावरून बघता त्याच वेळात माझं खातं धुतलं जात होतं. बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीला काहीतरी विचित्र वाटलं आणि तिने खातं गोठवलं, म्हणून बरंचसं वाचलं. किती गेलं, किती राहिलं, ते तुला सांगणार नाही. तो आकडा माझा आहे. पण त्या चहाबद्दल मला वाईट वाटत नाही, आणि मला त्याचाच सर्वांत जास्त राग येतो: माझ्या घरात मला एकटीने चहा पिता यावा, ही व्यवस्था माझ्या सख्ख्या भावाने केली नाही, ती एका भामट्याने केली.

तो भामटा आहे हे कळलं ते मावशीमुळे. दुसऱ्या दिवशी तिने साधा फोन केला (कारण मी दिसेना) आणि बोलता बोलता म्हणाली, टिल्लूचं जहाज मधल्या समुद्रात आहे, पंधरवडा झाला, तिथे फोन, नेट काहीच लागत नाही. मी भिंतीकडे बघितलं. म्हटलं, "टिल्लू?" मी म्हटलं, "कोण आहेस तू?" त्यावर आत एक बारीक दिवा लागतो ना, तो विझला. एवढंच. लाइन कट.

तेव्हा मी बँकेत गेले. एकटी गेले, धाकट्या. रिक्षा केली, रांगेत उभी राहिले, घडलं तसं सगळं त्या मुलीला सांगितलं, तिने लिहून घेतलं. घरी येऊन मी तुला कळवलं, आणि इथेच माझी चूक झाली. तू काय केलंस? कंपनीला फोन लावलास, कॅमेरा परत चालू करून घेतलास, सगळ्यांना परत आत घेतलंस. आणि नवा पासवर्ड काय ठेवलास? मावशीने मला सकाळी आनंदाने सांगितलं. अण्णांचा जुना फोन नंबर. "म्हणजे कोणी विसरणार नाही," असं तू म्हणालास म्हणे. त्यावर तुमची सभा भरली आणि मी एकटी राहायला लायक नाही असं ठरलं. ज्या खिडकीतून चोर आला ती तू पुन्हा उघडून ठेवलीस, तिच्यापाशी उभा राहिलास आणि मला म्हणालास, ताई, तुझ्या घरात चोर शिरतात, तू घर सोड.

तुझी मागची खोली मी पाहिली आहे. खाली पाण्याचा पंप आहे, त्याचं काही नाही. उजेड बरा आहे. पण तिला दार नाही, पडदा आहे. तुझी बायको म्हणाली होती, "घरचीच माणसं, दार कशाला?" ती वाईट बाई नाही. तू वाईट माणूस नाहीस. तुम्ही सगळे पडद्याआडून प्रेमाने डोकवाल आणि विचाराल, जागी आहेस का? आणि मी झोपलेली असले तर मला उठवून विचाराल. तिथे फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये जागा आहे का, ते मी पाहिलेलं नाही. असली तरी त्या घरात ती माझी नसेल.

म्हणून टेम्पो रद्द कर. मी इथेच राहीन. पडेन कधीतरी, कोणीही पडतं. पडले तर ओरडेन, खाली शिंपीण आहे, तिचं मशीन थांबलं की तिला माझ्या चमच्याचासुद्धा आवाज येतो, आणि तिने आजवर कोणाला काही सांगितलेलं नाही. दुपारी फोन उचलला नाही तर समज की मी झोपले आहे. संध्याकाळी पुन्हा कर. लहान मुलांना गोड. मोठ्यांना काय द्यायचं ते द्यायला या घडीला माझ्याजवळ काही नाही.

तुझी,
ताई

ता. क. अभ्रा तुझ्या बायकोने दिलेल्या जोडीतला आहे, फुलाफुलांचा. तिला सांग, अखेर कामाला आला.

ता. क. रविवारी तरी ये. टेम्पो नको, नुसता ये, आणि सोमवारी बँक उघडेपर्यंत थांब. बँकेने खातं गोठवलं आहे ते उघडायला त्यांना माणूस हवा आहे. मी मीच आहे असं माझ्यासमोर उभं राहून सांगणारा आणि सही करणारा. त्याचं त्याच बँकेत खातं हवं, तुझं आहे. मुलगी म्हणाली, जवळच्या नात्यातलं कोणी असेल तर उत्तम. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण मध्ये राग आला.

ता. क. टिल्लूला यातलं काही कळवू नकोस. पैशांचं कळलं तरी चालेल. मी त्याचा आवाज ओळखला नाही, हे कळवू नकोस.

ता. क. पत्र काल चिकटवलं नव्हतं ते बरं झालं, आजचं लिहिते. सकाळी तुझ्या आवाजात एका माणसाचा फोन आला. कॅमेऱ्यात नुसती फुलं दिसतात म्हणून तो चिडला होता. मी विचारलं, कोण बोलतंय? तो म्हणाला, "अगं, मी." मी म्हटलं, मी कोण? त्याने तुझं नाव सांगितलं, अण्णांचं सांगितलं, पासवर्डसुद्धा सांगितला. हे सगळं सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून मी विचारलं, माझा कोणता गुडघा दुखतो? ज्याने इतके महिने मला रोज चालताना पाहिलं आहे त्याला हे यायला हवं. तो म्हणाला, हे काय भलतंच? मग म्हणाला, डावा. दुखतो तो उजवा. मी फोन ठेवला. दाराला कुलूप लावलं, शिंपिणीला हाक मारली आणि आम्ही दोघी बँकेत गेलो. तिचंही खातं तिथेच आहे. तिने सही केली.